सहा बेचाळीसचं गाव

सहा_बेचाळीस (धागाकर्ता)

एका जुन्या मित्राला घर घ्यायचंय. शहरापासून रेल्वेने तासाभरावर, झाडीत, चांगल्या शाळा असलेल्या सुखवस्तू गावात. म्हणजे आम्ही राहतो तसल्याच. परवा फोनवर त्याने विचारलं, "सहा वर्षं झाली तुला, कसं आहे रे गाव?" मला उत्तरच देता येईना. आढेवेढे घेत होतो असं नाही, खरंच ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी ताप आला म्हणून घरी राहिलो. अकराच्या सुमारास औषध आणायला बाहेर पडलो, तर शेजारच्यांकडे एक माणूस हिरवळ कापत होता. त्याने यंत्र बंद केलं, कानांवरची टोपणं खाली घेतली आणि अदबीने विचारलं, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, इथेच राहतो, हे काय आमचं घर. बिचारा ओशाळला. म्हणाला, चार वर्षं दर मंगळवारी येतो, तुम्हाला कधी पाहिलं नाही. मग त्यानेच सांगितलं की आमच्या मागच्या कुंपणाची एक फळी सुटलीये आणि तिथून कोल्हा ये-जा करतो. घर माझं, हप्ते माझे, आणि कोल्हा त्याच्या ओळखीचा.

मला ओळखीचा आहे तो सकाळच्या सहा बेचाळीसच्या गाडीचा फलाट. कुठल्या डब्याचं दार कुठे येतं हे सगळ्यांना पाठ असतं. पिवळ्या पट्टीशेजारी सिमेंटला तडा गेलाय, ती माझी जागा. डावीकडे तपकिरी बॅगवाले उभे राहायचे. त्यांचे बुटांचे तीन जोड मला ओळखता येतात, नाव माहीत नाही. फेब्रुवारीपासून ते दिसत नाहीत. निवृत्त झाले, घर बदललं, की आणखी काही? विचारणार कुणाला? महिनाभर ती जागा कुणी घेतली नाही. मग एक नवा माणूस येऊन तिथे उभा राहिला, तेव्हा आम्ही चौघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा दुसऱ्या दिवशी दोन दारं पुढे सरकला.

तर अशा गावात जे राहतात, राहून गेलेत किंवा तिथे कामाला जातात त्यांनी लिहा. गावांची नावं नकोत. सगळीकडे साधारण तेच असावं असा माझा कयास.

उंबरठा

तपकिरी बॅगवाल्यांचं वाचून चर्र झालं. आमच्या फलाटावर लाल छत्रीवाल्या बाई होत्या. होत्या, एवढंच.

घरकोंबडी

दादा, तुमचं गाव तुम्हाला माहीत नाही कारण तुम्ही गाडीत बसल्यावर ते सुरू होतं.

दहा वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली, "थोडे दिवस" म्हणून. दोघांनी रोज जायला-यायला दोन-दोन तास घालवले तर तीन वाजता शाळेच्या दारात कोण उभं राहणार? एकाचा प्रवास दुसऱ्याच्या नोकरीच्या जिवावर चालतो, हे घर दाखवणारा दलाल सांगत नाही. तो स्वयंपाकघराची खिडकी दाखवतो.

साडेआठनंतर गाव आमचं. आम्ही म्हणजे घरी राहिलेल्या आया, दोन-तीन बाप, म्हातारी माणसं, मुलं सांभाळणाऱ्या बाया, प्लंबर, रंगारी, बागेची माणसं. आमच्या आमच्यात सगळ्या ओळखी आहेत. तुम्ही माझ्या गावचे असता तर तपकिरी बॅगवाल्यांची बायको मला नक्की माहीत असती. नवऱ्याची बॅग कसली आहे ते मात्र मला माहीत नसतं.

गाव सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण पायी जाण्यासारखं काही नाही. माझ्या कारच्या मागच्या सीटवर आत्ता फुटबॉलचा एक बूट (डावा), व्हायोलिनच्या राळेची डबी, मुदत टळलेलं वाचनालयाचं पुस्तक आणि कुणाच्या तरी भलत्याच मुलाचं जाकीट पडलंय. गेल्या गुरुवारी मोजलं, घर सोडून मी नऊ वेळा कारमध्ये बसले आणि गावाची हद्द एकदाही ओलांडली नाही.

स्टेशनबाहेर गाडीला सोडायला येणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका आहे, पाटी आहे "किस अँड राइड". मुका घ्या आणि सुटा. आमच्यात तिथे "वीजबिल भरलंस का" एवढंच होतं.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण याला सुख बोचणं म्हणतात.

मी सहा माणसांत एका खोलीत वाढलो. खाली छापखाना, रात्री दोनपर्यंत यंत्र चालायचं, जमीन थरथरायची. या गावात आलो तेव्हा पहिल्या रात्री शांततेनेच झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री लागली ती आजतागायत लागते. मुलगी स्वतःच्या खोलीत दार लावून अभ्यास करते. शाळेच्या प्रयोगशाळेत दोघांत एक सूक्ष्मदर्शक आहे, आम्हाला सत्तर जणांत एक होता आणि तोही कपाटात. एवढ्यासाठी रोज दोन तास गाडीत बसायला माझी काही हरकत नाही.

शेजारी नाव विचारत नाहीत? उत्तम. मी जिथे वाढलो तिथले शेजारी फार विचारायचे.

नकाशेवाला

(नगररचनेत आयुष्य गेलं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी आज्जींच्या प्रतिसादाची वाट पाहावी, त्या येणारच.)

सगळीकडे तेच असावं हा कयास बरोबर आहे. 'कम्यूटर' (कामासाठी रोज ये-जा करणारा) हा शब्दच बघा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन रेल्वे कंपन्या रोजच्या प्रवाशांना सुट्या भाड्याऐवजी सवलतीचं एकरकमी तिकीट द्यायच्या, त्याला कम्युटेशन तिकीट म्हणत. भाडं कम्यूट केलेलं, म्हणजे घटवून दिलेलं. म्हणजे मूळचा कम्यूटर हा घाऊक भावात प्रवास विकत घेतलेलं गिऱ्हाईक.

अशा वस्त्यांचे सुरुवातीचे नमुने तिकडचेच. न्यूजर्सीतलं लुएलिन पार्क १८५७ पासून वसवलं, प्रवेशाला फाटक आणि आत वळणदार रस्ते. एडिसनने १८८६ मध्ये घर घेतलं ते तिथेच. शिकागोजवळचं रिव्हरसाइड १८६९ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यान-रचनाकारांनी आखलं, रेल्वेच्या मार्गावर. तिथले रस्ते मुद्दाम वळणाचे ठेवले, कारण सरळ रस्ता माणसाला घाई सुचवतो अशी त्यांची धारणा. गंमत अशी की त्या निवांत वळणांच्या गावातला माणूस सकाळी स्टेशनकडे पळतच सुटतो.

पण खरा धंदा समजून घ्यायचा तर जपानकडे बघा. कोबायाशी इचिझो नावाचा गृहस्थ. ओसाकाहून निघणारी त्याची रेल्वे १९१० मध्ये सुरू झाली, हीच पुढची हांक्यू. मार्ग शेतांतून जाणारा, प्रवासी आणायचे कुठून? त्याने रुळांलगतची जमीन घेतली, इकेदाला घरं बांधली आणि पगारदारांना हप्त्यांवर विकली. सुटीच्या दिवशी गाड्या रिकाम्या धावू नयेत म्हणून दुसऱ्या टोकाला ताकाराझुकात करमणूक उभी केली, आणि १९२९ मध्ये शहराच्या टोकाला, उमेदा स्टेशनात, मोठं डिपार्टमेंट स्टोअर. सकाळी नोकरीला जा, संध्याकाळी खरेदी करा, रविवारी नाटक बघा, सगळं त्याच्याच रुळांवर. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेचंही तेच. १९१५ पासून 'मेट्रो-लँड' नावाने पुस्तिका काढून तिने आपल्या मार्गावरचं हिरवं आयुष्य विकलं.

एबनेझर हॉवर्ड या इंग्रज नगरविचारवंताने १८९८ मध्ये उद्यान-नगराची कल्पना मांडली तेव्हा त्यात कारखाने आणि कचेऱ्याही गावातच होत्या. लोकांनी बाग तेवढी उचलली आणि काम शहरात ठेवलं.

तेव्हा धागाकर्ते, तुम्ही सहा बेचाळीसची गाडी पकडता असं समजू नका. गाडीने तुम्हाला पकडून तिथे वसवलंय. हलके घ्या.

आकडेमोड

थोडी भर. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं की माणूस कुठल्याही काळात दिवसाचा साधारण एक तास जाण्या-येण्यात घालवतो. वाहन वेगवान झालं की तास तेवढाच राहतो, घर लांब जातं. आपण मंडळी त्याच्या दुप्पट.

आणि २००४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तपशील लिहून घेतला होता. कामावर जाण्याचा प्रवास सगळ्यात नावडत्या गोष्टींत निघाला. स्टुट्झर आणि फ्राय या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासली (२००८). अर्थशास्त्राच्या हिशेबाने लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरातून किंवा पगारातून व्हायला हवी. त्यांना ती झालेली दिसली नाही. लांबून येणारे कमी समाधानी होते.

सहा_बेचाळीस

@आकडेमोड, असेल. पण खरं सांगू? परतीचा तास माझ्या दिवसातला एकमेव तास आहे जेव्हा माझ्याकडून कुणाला काही नको असतं. बोगदा लागला की खिडकीत स्वतःचा चेहरा दिसतो, तेवढा सोडला तर बरं चाललेलं असतं.

सतरावं_वर्ष

मी अशा गावात वाढले. आता सव्वीस आहे, आयडी जुना आहे.

कार चालवायला लागेपर्यंत तुम्ही पार्सल असता. कुणीतरी उचलणार, कुणीतरी सोडणार. आमची एकच हक्काची जागा होती, स्टेशनबाहेरचा बाक. तिथून गाडी दिसायची, एवढंच त्याचं आकर्षण. आम्ही चौघी बसायचो, गाडी यायची, उतरणाऱ्यांत एखादीचा बाबा निघाला तर बाकीच्या पांगायच्या.

शाळा उत्तम होती हे खरं. पण त्या उत्तमपणाचा भार कुणावर होता? आमच्या वर्गात सगळ्यांचे आईवडील कशात तरी पहिले आलेले. तिथे सर्वसाधारण असणं ही घरी बसून बोलण्याची बाब व्हायची, तीही हळू आवाजात. नवव्या इयत्तेत माझ्या मैत्रिणीला तीन विषयांच्या तीन शिकवण्या होत्या आणि त्या आहेत हे तिने मला सांगितलं नव्हतं. मला ते तिच्या शिकवणीबाहेर कळलं, कारण मीही त्याच बाईंकडे जात होते.

@स्पष्टवक्ता काका, तुमच्या मुलीचं दार बंद असतं ते फक्त अभ्यासासाठीच असं धरून चालू नका. टोमणा नाही हा.

स्पष्टवक्ता

बरं. विचारतो तिला.

मागच्या_दाराने

इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी अशा गावात राहत नाही, कामाला जाते. एका आजींची देखभाल करते, आठवड्याचे पाच दिवस.

तुमची सहा बेचाळीस शहराकडे जाते ना, तेव्हा समोरच्या फलाटावर उलटी गाडी येते. तिच्यातून आम्ही उतरतो. तुमची गाडी खच्चून भरलेली, आमचीत बसायला भरपूर जागा. दोन मिनिटं दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या असतात. काचेतून तुम्ही आम्हाला दिसता. आम्ही तुम्हाला दिसतो का माहीत नाही.

स्टेशनापासून आजींचं घर पंचवीस मिनिटं, चढाचं. बस आहे, पण ती शाळेच्या वेळा बघून धावते. निम्म्या रस्त्याला पदपथ नाही, गवताच्या कडेने चालायचं, पावसात मोजे भिजतात म्हणून पिशवीत दुसरा जोड ठेवते. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी कार थांबवली, काच खाली केली, "काही मदत हवी का?" मला बरं वाटलं. चांगली माणसं आहेत म्हटलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एकांनी तेच विचारलं, आणि मी कुठे निघालेय तेही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं. आता मी कामाचा अंगरखा घरूनच घालून निघते. तो अंगावर असला की कुणी थांबत नाही.

संध्याकाळी आजींची सून सात बाराच्या गाडीने येते. ती गाडी उशिरा आली की माझी परतीची चुकते, पुढची पन्नास मिनिटांनी. सून चांगली आहे, दर वेळी माफी मागते.

त्या गावात घर घ्यायचं तर प्रश्नच नाही. भाड्याने एखादी खोली मिळाली तरी मी घेतली असती. तशा खोल्याच नाहीत. स्टेशनच्या वाहनतळावर तीन मजली इमारती होणार होत्या, गेल्या वर्षी. मग घराघरापुढे पाट्या लागल्या, "आपल्या गावाचा चेहरा जपा". आजींच्या कुंपणालाही सुनेने लावली. मीच ती सरळ केली, वाऱ्याने कलंडली होती.

उंबरठा

…

सहा_बेचाळीस

ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

लपवून काय उपयोग, आमच्याही गावात अशीच योजना आली होती आणि मी विरोधाच्या अर्जावर सही केली. रात्री नऊला कुणीतरी दारात आलं, मी दमलो होतो, त्याने सांगितलं की वाहनतळ जाणार. आमच्याकडे वाहनतळाच्या वार्षिक परवान्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं, मला गेल्याच वर्षी मिळाला होता. इमारतीत कोण राहणार हा विचार डोक्यातच आला नाही. गाडी कुठे लावायची, एवढाच आला.

नकाशेवाला

तुम्ही एकटे नाही, सही करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्लिड खटल्यात (क्लीव्हलंडजवळचं गाव) गावांना क्षेत्रनिश्चितीचा अधिकार मान्य केला. इथे फक्त स्वतंत्र घरं, तिथे दुकानं, अशी आखणी कायदेशीर झाली. त्या निकालपत्रात स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलंय. आसपासची मोकळी हवा आणि उजेड शोषून घेणारं.

उलटा निकाल यायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली. १९७५ मध्ये न्यूजर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल (तिथलंच एक गाव) प्रकरणात सांगितलं की वाढत्या गावांनी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही राहता येईल अशी आखणी केली पाहिजे. पण न्यायालयाने सांगणं वेगळं आणि गावाने ऐकणं वेगळं. ताजं उदाहरण बॉस्टनजवळच्या मिल्टनचं. मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये कायदा केला की शहराच्या रेल्वे-बस सेवेचा लाभ घेणाऱ्या गावांनी अपार्टमेंटसाठी क्षेत्र राखावं. मिल्टनच्या नगरसभेने आराखडा मंजूर केला, नागरिकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन तो फेटाळला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायदा वैध आणि गावांवर बंधनकारक ठरवला.

'गावाचा चेहरा' हा शब्द मी सभांमधून इतक्यांदा ऐकलाय की आता तो ऐकला की मी घड्याळ बघतो. गंमत म्हणजे तो म्हणणारे बहुतेक जण पाच-सात वर्षांपूर्वी आलेले असतात.

आज्जी_ऑनलाइन

आले हो नकाशेवाले, आले.

मी इथे एक्केचाळीस वर्षं आहे. यजमान गेले, मुलं गेली, चार खोल्या बंद ठेवते. गेल्या वर्षी डोळ्यांमुळे कार सोडली. सोडली म्हणजे मुलाने किल्ली नेली. त्या दिवसापासून गाव माझ्यापुरतं फाटकापर्यंत आलंय. वाचनालय पायी चाळीस मिनिटं, मधे पूल, पुलावर पदपथ नाही.

याच गावात लहानशी जागा मिळाली तर मी उद्या हे घर विकीन. दोन खोल्या, स्टेशनजवळ, लिफ्ट असलेल्या. पण तशा बांधूच द्यायच्या नाहीत असं आम्हीच ठरवलं ना. १९९८ ची सभा होती, मीच बोलले होते. टाळ्याही पडल्या होत्या.

@मागच्या_दाराने, तुझ्या आजींना विचार, त्यांना कुठे राहायला आवडेल. सुनेला नको विचारू.

घरकोंबडी

आज्जी __/\__

विषय जरा हलका करते. महासाथीनंतर नवरे लोक आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करायला लागले तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे पानं उडवायची ती पेट्रोलची यंत्रं वर्षानुवर्षं रोज सकाळी नऊपासून कोकलत होती. आम्ही ऐकत होतो, माळी तर ती पाठीला बांधून फिरत होते. कुणी तक्रार केली नाही. मग साहेब घरी बसले, त्यांच्या मीटिंगमध्ये तो आवाज गेला, आणि सहा महिन्यांत गावात त्यावर ठराव झाला! कॅलिफोर्नियाने तर असली नवी पेट्रोल यंत्रं विकायलाच २०२४ पासून बंदी केली, तिथे कारण धुराचंही होतं. आमच्याकडे कारण फक्त साहेबांचे कान.

स्पष्टवक्ता

त्या ठरावात मीही होतो. आवाज खरंच भयंकर आहे हो.

(मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आता नको बाबा." दार उघडं ठेवलं मात्र.)

आकडेमोड

मूळ प्रश्न राहिला. मित्राला काय सांगितलंत शेवटी?

सहा_बेचाळीस

काही सांगितलं नाही. त्याला म्हटलं, मंगळवारी अकराला ये, मी घरी नसेन. स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत चालत जा आणि परत ये.

तो आला. रात्री फोन केला. घरं आवडली, झाडं फारच आवडली. कोल्हा दिसला म्हणाला, मला अजून दिसला नाहीये. वाटेत एकच माणूस भेटला, हिरवळ कापणारा, त्याने रस्ता नीट सांगितला. आणि चढावर एका बाईंनी कार थांबवून विचारलं, "काही मदत हवी का?"

मी विचारलं, मग काय वाटलं? तो म्हणाला, चांगली माणसं आहेत की तुमच्या गावात.

मागच्या_दाराने

:)

घरकोंबडी

दादा, एक विचारू? गेल्या मंगळवारचीच गोष्ट का? चढावर, अकराच्या जरा पुढे? निळा शर्ट, हातात कागद घेऊन घरांचे नंबर बघत चाललेला एक माणूस?

माझी कार करडी आहे. मित्राला विचारून सांगाल का?